वास्तवाची सुधारून वाढवलेली आवृत्ती

साहित्यातील वास्तववाद म्हणजे जगाचे हुबेहूब चित्रण, ही एकोणिसाव्या शतकापासूनची गैरसमजूत ऑगस्ट १९३४ मध्ये मॉस्कोत दूर झाली. सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात, मॅक्सिम गॉर्कींच्या देखरेखीखाली, समाजवादी वास्तववाद अधिकृत ठरला. त्यानुसार लेखकाने वास्तव क्रांतिकारी विकासाच्या अंगाने रंगवायचे. म्हणजे आज चूल पेटली की नाही हे न पाहता परवाच्या पंगतीचे वर्णन करायचे. नुकतीच युक्रेनमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली होती, त्यामुळे ही दूरदृष्टी फारच सोयीची.

महायुद्धानंतर कथानकातला संघर्षही मार्गी लागला. खलनायक उरलेच नव्हते, तेव्हा चांगल्याची झुंज अधिक चांगल्याशी लावावी, असे टीकाकार सांगू लागले. (हरणाऱ्याबद्दल हळहळावे की नाही, हे ठरायचे राहिले.)

समाजवादी वास्तववादाची शैली आत्मसात करायला वास्तवाला मात्र वेळ लागला. १९३७ च्या जनगणनेत माणसे अपेक्षेपेक्षा काही दशलक्ष कमी भरली. निष्कर्ष रद्द झाले, मोजणी करणाऱ्या प्रमुखांना अटक झाली आणि १९३९ मध्ये पुन्हा जनगणना झाली. या खेपेचे आकडे वास्तववादी होते.