तोंडपाठ

लातुरात पाठांतराला कुणी नावं ठेवत नाही. बाकीच्या महाराष्ट्रानं 'घोकंपट्टी' म्हणून नाक मुरडलं, तरी लातूरनं त्याचाच पॅटर्न केला आणि गुणवत्ता यादीत पोरं बसवून दाखवली. आता तिथं खोल्या करून नीटची तयारी करणारी मुलं जीवशास्त्राच्या पुस्तकातली ओळ न् ओळ धडाधड म्हणून दाखवतात. अशा शहरात रविवारी सकाळी संडे स्कूलच्या बाईंनी "मागच्या आठवड्याचं वचन कोण सांगतं?" असं विचारलं, की तीच मुलं सतरंजीचे दोरे उपसत बसतात.

मुलं हिशेबी असतात. या पाठांतराला मार्क नाहीत, हे त्यांनी केव्हाच ओळखलेलं असतं. स्तोत्र पाठ करून या म्हटलं, की कुणीतरी 117 वं आणतंच. त्यात दोनच वचनं आहेत. अख्ख्या बायबलमधला तो सगळ्यांत छोटा अध्याय. त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर 119 वं उभं असतं, 176 वचनांचं. हिब्रूत ते वर्णमालेच्या 22 अक्षरांवर रचलंय, प्रत्येक अक्षराला आठ वचनं. पाठ करणाऱ्याची केवढी सोय! मराठीत येताना सोय तेवढी वाटेत सांडली आणि 176 चा आकडा सुखरूप पोचला.

आकड्यांचं म्हणाल, तर ते मूळ लेखकांनी घातलेलेच नाहीत. रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छापखानदारानं 1551 मध्ये नव्या कराराला आज चालतात ते वचनांचे आकडे घातले. पॅरिसहून ल्योंला जाताना, घोड्यावर बसून त्यानं ही विभागणी केली अशी दंतकथा आहे. वाक्य जिथं भलत्याच जागी तुटतं, तिथं घोड्याला ठेच लागली असं समजायचं. पाठ म्हणणाराही बहुधा तिथंच अडखळतो.

पाठांतराचं महत्त्व सांगताना आमचे पाळकसाहेब हमखास अरण्यातली परीक्षा काढतात. येशू चाळीस दिवसांचा उपाशी, जवळ पोथी ना पुस्तक, आणि सैतानाच्या तिन्ही डावांना त्यानं अनुवादाच्या पुस्तकातलं वचन तोंडी म्हणून उत्तर दिलं. खरंच आहे. पण त्याच प्रसंगात सैतान 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो, याबद्दल साहेब फारसं बोलत नाहीत. पाठांतर त्याचंही चोख होतं. आमच्या पाठांतराच्या स्पर्धेत उतरला असता, तर बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊनच घरी गेला असता.

आणि पाठांतराची मिजास करायचीच असेल, तर निदान नांदेडात करू नये. गुरू गोविंदसिंगांनी दमदमा साहिबला अख्खा ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेतला, असं शीख परंपरा मानते. पुढं 1708 मध्ये याच नांदेडात त्यांनी त्या ग्रंथालाच गुरुपद दिलं. गोदावरीकाठच्या या गावात पहाटे कुणी जपुजी म्हणत असतं, मदरशात एखादं पोर कुराण मुखोद्गत करत डुलत असतं, म्हाताऱ्या माळकऱ्याचा हरिपाठ चालू असतो. आमचं बायबल तेवढं चेनच्या कव्हरात, कपाटात.

तसं बघितलं तर आमच्याकडेही पंडिता रमाबाई होऊन गेल्या. त्यांना लहानपणीच भागवताचे 18 हजार श्लोक मुखोद्गत होते, असं सांगतात. आईबाप आणि भावंडं तीर्थोतीर्थी हिंडत, पुराण सांगून पोट भरत. पुढं ख्रिस्ती झाल्यावर याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं गेलं, 1924 मध्ये बाहेर आलं. त्याआधी दोन वर्षं रमाबाई गेल्या होत्या. पानं पालटत अभ्यास करणारी माणसं पुष्कळ असतात. पण वाक्य जिभेवर कसं बसतं, हे या बाईंना पोटापाण्यापासून ठाऊक होतं. माझ्या मते भाषांतरकाराला याहून चांगली शाळा नाही.

आमची आत्या मिशनच्या बोर्डिंगात शिकली. वचन आल्याशिवाय ताट मिळत नसे, असं ती सांगायची. त्या वयात अर्थाबिर्थाची कुणाला पडली होती? भाकरी गरम मिळायची, बस्स. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. विसर्जन आटोपून लोक नुकते आडवे झालेले, चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारीकडच्या बातम्या नंतर आल्या. लातुरात आधी सगळी गल्ली अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली. घरात परत जायची कुणाची छाती होईना, तेव्हा बायबल आणायचा प्रश्नच नव्हता. आत्या बाजेवर बसली आणि बोर्डिंगातलं 46 वं स्तोत्र म्हणू लागली. ते स्तोत्र देवाच्या आसऱ्यानं सुरू होतं, पण दुसऱ्याच वचनात पृथ्वी ढळते आणि डोंगर समुद्रात कोसळतात. शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो बाई, ते नका म्हणू! दुसरं कायतर म्हणा!" आत्याला दुसरं सुचेना. तिनं तेच शेवटपर्यंत म्हटलं, आणि काकू हरिपाठ विसरून ऐकत राहिल्या. बोर्डिंगच्या बाईंना हा धडा नेमका कधी लागेल, हे कुठं माहीत होतं?

हल्ली आत्याला उपासनेत वेगळाच त्रास आहे. 23 वं स्तोत्र सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं, की पोरं मोबाइलवरचं नवीन भाषांतर वाचतात आणि म्हाताऱ्या बायका आपलं जुनं म्हणत पुढं निघून जातात. मधल्या वयाचे ओठ हलवतात. सगळ्यांची गाठ पडते ती थेट आमेनला. परवा नांदेडचा भाचा तिला ॲप उघडून दाखवत होता: इतकी भाषांतरं, इतक्या भाषा, हवं ते वचन एका बोटावर. आत्यानं चष्मा पुसत सगळं बघून घेतलं.

"चांगलं आहे की बा," ती म्हणाली. "आता हे ठीव बाजूला आन् एक तरी म्हनून दाखव."

भाच्यानं घसा खाकरला आणि 117 वं सुरू केलं.