फायनल झालं की कळवतो

आमच्या त्रिमूर्तीनगरात एक नावशोध्या राहतो. वय बत्तीस, नोकरी मिहानमध्ये. त्याच्या लॅपटॉपवर एक्सेलची एक शीट आहे, तिचं नाव 'बेबी फायनल 7'. पोरगा अकरा महिन्यांचा झाला. शीटला नाव आहे, पोराला नाही.

नाव कसं हवं? छोटं हवं. जोडाक्षर नको, अमेरिकेत जीभ अडते. साळ्याच्या पोराशी जुळायला नको, शाळेत चिडवता यायला नको, आणि अर्थ मात्र खोल पाहिजे. हा खोल अर्थ तो मोबाइलवर शोधतो. तिथं दर तिसरं नाव 'सूर्याचा पहिला किरण' निघतं. मग शहानिशेला माझ्याकडे येतो, कारण मी मराठीचा रिटायर मास्तर आणि माझ्या कपाटात आपट्यांचा संस्कृत कोश आहे.

"काका, आरव कसं वाटते? शांत असा अर्थ आहे."

कोश काढला. आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. त्याच्या वरच्या मजल्यावर एक आरव आहेच. रात्री दोनला उठून बिल्डिंग डोक्यावर घेतो. त्या लेकरानं कोश वाचलेला दिसतो, बापानं नाही. नावशोध्यानं तिथल्या तिथं ओळ लाल केली. मुलगी झाली असती तर अनन्या ठरलं होतं, जिच्यासारखी दुसरी नाही ती. माझ्या शेवटच्या सातवीत तीन होत्या. हजेरीत आडनाव लावल्याशिवाय एकही 'हजर' म्हणत नसे.

पत्रिकेनं तर कहर केला. जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. त्यातलं याच्या वाट्याला आलं 'ङ'. एक्सेलनं शून्य नावं दाखवली. गुरुजींनी उदार मनानं पुढच्या चरणाचं 'छ' चालेल म्हटलं. आजी लगेच म्हणाली, "छगन ठेव!" त्या दिवशी आजीला चहा उशिरा मिळाला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. अमरावतीहून आत्या आली, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात "कुर्र" केलं आणि मान वळवून विचारलं, "नाव काय सांगू?"

हा म्हणाला, "सध्या बाळ म्हण. फायनल झालं की कळवतो."

रिवाजाप्रमाणे आत्यानं पाठीत धपाटे मात्र पूर्ण खाल्ले.

आजीचा राग वेगळाच. "याच्या चुलत आज्याचं नाव दगडू होतं. आधीची दोन गेली म्हणून दगड म्हटलं, काळाची नजर नको. तो ब्याऐंशी वर्षं जगला! तुह्या किरणाले कोण घाबरते रे?" यावर नावशोध्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मग तो समोरच्या आजोबांकडे गेला. त्यांच्या वडिलांचं नावही दगडूच. 14 ऑक्टोबर 1956 ला ते दीक्षाभूमीवरच्या गर्दीत होते, कडेवर मोठी लेक. त्यानंतर त्यांच्या घरात जन्मलेल्या मुलांची नावं सिद्धार्थ, सुजाता, राहुल. "अर्थ शोधत बसलो नाही बाबू," आजोबा म्हणाले, "अर्थ आधीच घरात आला होता. नाव मागून आलं." हे तरी त्याच्या डोक्यात शिरेल असं मला वाटलं. त्यानं राहुल टाइप केलं, पुढे लिहिलं : 'खूप कॉमन'.

त्यात सरकारनं भर घातली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आता चारही शब्द एका लयीत बसले पाहिजेत. बायकोच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत. ती म्हणाली, "तेही बदलायचं का?" त्या आठवड्यात शीट उघडलीच नाही.

परवा तान्ह्या पोळ्याला पोराला धोतर-फेटा बांधून, हातात लाकडी नंदीची दोरी देऊन मंडपात आणलं. माइकवाल्यानं नाव विचारलं. बाप डोकं खाजवत असतानाच आजीनं पुढे होऊन सांगितलं, "बाप्पू!" ते ऐकून पोरगं खदाखदा हसलं आणि दोरी सोडून तिच्याकडे झेपावलं. गेले दहा महिने सगळी गल्ली त्याला बाप्पूच म्हणते. अर्थ कोणी विचारला नाही. बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. त्यावर मशीननं तेच नाव कोरून आणलंय.

जन्मदाखल्यावर मात्र नावाची जागा कोरी. वर्ष भरत आलं म्हणून मीच त्याला महापालिकेच्या झोन ऑफिसात नेलं. खिडकीतल्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "वर्षाच्या आत फुकट होते. नाही जमलं तरी घाबरू नका, विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव टाकता येते."

बाहेर येऊन त्यानं स्कूटरच्या सीटवरच लॅपटॉप उघडला. आता 'बेबी फायनल 8' सुरू आहे.