एकच मिनिट हां

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून "ब्रेक! ब्रेक राइट!" अशी आरोळी येते. नव्या भाडेकरूला वाटतं, खाली कुणाची तरी गाडी भिंतीवर चाललीये. जुने लोक फक्त टीव्हीचा आवाज दोन काड्या वाढवतात. नाना स्टालिनग्राडवर गेलेले असतात.

नाना बँकेतून रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली. पण मनानं त्यांनी बँक त्याच्या कितीतरी आधी सोडली होती. २००१ साली 'आयएल-२ स्टुर्मोविक' हा विमानयुद्धाचा खेळ आला आणि मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक लागली, ती लागलीच. मुलगी शिकून, लग्न होऊन गेली. जॉयस्टिक तिसरी आहे.

आता हा खेळ एकट्यानं खेळायचा नाही, हा नानांचा पहिला सिद्धांत. इंटरनेटवरून जगभरची माणसं त्याच आभाळात शिरलेली असतात, आणि एकटं विमान म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. जोडी हवी. पुढच्यानं शिकार करायची, मागच्यानं शे-दोनशे मीटर बाजूला राहून त्याची पाठ सांभाळायची. इंग्रजीत त्याला विंगमन म्हणतात. वहिनी त्याला पाठराखीण म्हणतात. गेली तीन वर्षं नानांची पाठराखीण मी आहे.

माझी भरती झाली ती चिवड्याच्या बशीवर. "हे बघ," नाना म्हणाले, आणि दोन शेंगदाणे बाजूला काढून शेजारीशेजारी ठेवले. "हे आपण. ही डाळ म्हणजे झिरो, जपानी. आपल्यापेक्षा चपळ, चढायलाही तेज. एकट्यानं गाठलं तर तू मेलास. मग काय करायचं? डाळ तुझ्या मागं लागली की तू माझ्याकडं वळ, मी तुझ्याकडं वळतो. आपण एकमेकांना छेदून गेलो की तुझ्या मागची डाळ माझ्या तोंडासमोर." आणि डाळ खाऊन टाकली. अमेरिकन नौदलातल्या जिमी थॅच नावाच्या अधिकाऱ्यानं ही वीण घरच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून शोधली आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत प्रत्यक्ष वापरली, हे नाना इतक्या आपुलकीनं सांगतात की थॅच ठाकुर्लीलाच राहायचा असं वाटावं.

इंग्रजांवर मात्र त्यांचा राग. जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धातच जोडीजोडीनं, ऐसपैस अंतर ठेवून उडायला सुरुवात केली होती. इंग्रज १९४० पर्यंत तिघांचा घट्ट त्रिकोण धरून उडत होते. "अरे, आठ-बाराची फास्ट लोकल ती! शेजाऱ्याला धक्का लागू नये हे बघण्यातच दोघांचा जीव चाललाय. शत्रूकडं बघणार कोण?" डोंबिवलीकराला याहून जास्त काही समजवावं लागत नाही.

बाकीचं शास्त्र ते बँकेच्या भाषेत शिकवतात. "उंची म्हणजे मुदत ठेव. वेग म्हणजे खिशातली रोकड. सूर मारलास की ठेव मोडलीस, पुन्हा वर चढलास की जमा केलीस. आणि गरागरा वळत बसलास तर? उधळपट्टी! मेसरश्मिट चढण्यात भारी, याक वळण्यात. याकबरोबर वळत बसणारा माणूस मी लोनच्या टेबलावर पाहिलाय, ओळखतो मी त्याला." मी ऊर्जा आणि वेगावरचे जाडजूड इंग्रजी लेख वाचून पाहिले. त्यात यापेक्षा वेगळं काही नाही.

त्यांची बैठक बघण्यासारखी असते. टोपीला एक दिव्यांची क्लिप, समोर ती टिपणारा कॅमेरा. डोकं जरासं वळवलं की पडद्यावरचा वैमानिक पार शेपटीपर्यंत मागे बघतो. त्यामुळे नानांची मान सारखी तुटक तुटक हलते आणि डोळे मात्र समोरच. बघणाऱ्याला वाटावं, शेजारणीकडं चोरून बघताहेत. वहिनींनी पहिल्या महिन्यात महानारायण तेलाची बाटली आणून ठेवली होती.

खेळाची भाषा घरात उतरल्याशिवाय कशी राहील? नाक म्हणजे बारा वाजता, शेपटी म्हणजे सहा. भाजी मंडईत नाना म्हणतात, "अगं, तीन वाजता कोथिंबीर. थोडी खाली." वहिनी म्हणतात, "तीन वाजता कशाला? आलोच आहोत तर आत्ताच घ्या."

इथवर सगळं ठीक. नानांइतका चांगला गुरू नाही. अडचण एवढीच, की जगात ज्याला जोडीदार म्हणून घेऊ नये असा माणूसही नानाच.

त्यांचाच नियम: धूर सोडत पळणाऱ्या विमानाच्या मागे जायचं नाही. ते आमिष असतं. नजर त्याच्यावर खिळते, उंची जाते, जोडी फुटते. हा नियम ते आठवड्याला दोनदा सांगतात. आणि रविवारी व्होल्गाच्या काठावर एखादं विमान काळी रेघ ओढत खाली निघालं, की माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये ते चार शब्द येतात. "एकच मिनिट हां, आलोच." संपलं. नाना जमिनीलगत, मुदत ठेव मोडून रोकड उधळत आणि मी वर एकटा. आमच्यात एक नागपूरचा पोरगा असतो, तो तेवढा विचारतो, "नाना, कुठं जाऊन राहिले बा तुम्ही?" उत्तर येत नाही. नाना शिकारीवर असले की त्यांना ऐकू येत नाही.

बकरा करायचा डावही त्यांचा लाडका. एकानं शत्रूला मागे लावून घ्यायचं, हळूहळू वळत जोडीदारासमोर आणून सोडायचं. बकरा कायम मी. "तू फक्त सरळ उड, घाबरू नकोस. मी वरून येतो." मी सरळ उडतो. पंखाला भोकं पडू लागतात. मी म्हणतो, "नाना, लवकर." आणि वरून आवाज येतो, "एकच मिनिट हां, इथं अजून एक दिसतोय."

हा काही कॉम्प्युटरपुरता रोग नाही. लग्नात वहिनींना आहेराच्या रांगेत उभं करून ते जिलबीच्या काउंटरवर "एकच मिनिट" जातात. एकदा कागदावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी आम्ही एका कचेरीत दोन तास रांगेत होतो. नाना मुद्दाम सोबत आले होते, माझी पाठ सांभाळायला. माझा नंबर दोनवर आला आणि त्यांनी कानात कुजबुजावं, "तुझ्या चार वाजता एक घुसखोर. निळा शर्ट." निळा शर्ट खरंच मध्ये शिरत होता. नाना त्याच्यावर झेपावले. तो हटला, जिन्याकडं गेला. नाना त्याच्या मागोमाग जिन्यावर. माझी फाइल त्यांच्या काखेत. ते परत आले तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद झाली होती आणि नानांचा चेहरा फुलला होता. "पार गेटपर्यंत घालवला!"

गेल्या रविवारीही तेच झालं. नाना धुरामागं गेले, दोन याक माझ्यावर आले, इंजिन पेटलं, मी उडी मारली. पॅराशूट उघडलं. आता लोंबकळत खाली यायचं, तीन-चार मिनिटांचा मामला. सर्व्हरच्या नियमाप्रमाणं आपल्या हद्दीत उतरलं की वैमानिक वाचला, एवढाच काय तो प्रश्न. बहुतेक लोक बटण दाबून चहा करायला उठतात. मीही उठणार होतो.

तेवढ्यात डोक्यावर घरघर आली. नानांचं मेसरश्मिट, एका पंखाला भगदाड, माझ्याभोवती घिरट्या घालत होतं.

"घाबरू नकोस," हेडफोनमध्ये आवाज आला. "मी आहे. तू टेकेपर्यंत हलत नाही."

"नाना, पेट्रोल?"

"लाल दिवा लागलाय. असू दे."

ते फिरत राहिले. हळू, खाली, रोकड नाही नि ठेव नाही, अशा अवस्थेत. मान तुटक तुटक हलत असणार. मागून वहिनींचा आवाज आला, बहुधा ताट वाढल्याचं सांगायला आल्या होत्या.

"अहो, तो डावीकडून ठिपका मोठा मोठा होतोय, तो आपल्यातलाच का?"

"आपलाच गं," नाना म्हणाले. "एकच मिनिट हां."

तो आपला नव्हता.