चुकून गेलेला कोट

आमच्या साताऱ्याच्या घराला माळा आहे. घर बांधणाऱ्यानं तो मोकळा ठेवून दिला होता, आम्ही तो 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत भरला. पिन हरवलेला स्टो, तोटी गळणारा तांब्याचा बंब आणि कंदी पेढ्यांचे खोके. पेढे संपल्यावर खोक्याचं खरं आयुष्य सुरू होतं. एकात बटणं, एकात कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. आणि माझा लग्नातला कोट. लोकरी, मे महिन्यात शिवलेला, मांडवातच काखेत काचणारा. रिसेप्शनला खुर्चीच्या खिळ्यात कोपर अडकून फाटलं, तिथं आक्कानं रफू केलं होतं.

तो घालवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. बोहारणीनं उन्हाकडं धरून बघितला, अस्तर चाचपलं आणि चहाच्या गाळण्यावर यायला तयार झाली. हिला पातेलं हवं होतं. व्यवहार फिसकटला. जुन्या कपड्यांची इतकी कडक परीक्षा घेणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. विरलेलं लुगडं, उसवलेली विजार ती सरळ बाजूला टाकायची. तिला ते पुढं विकायचं असायचं ना!

दानाचं तसं नसतं. दान कोणी उन्हाकडं धरून बघत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा आमच्या माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि मग सांगलीत शिरते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर जपून ठेवणाऱ्यांना नवीन खूण करायला शिडी लागली असेल. साताऱ्यानं आधी पाणी पाठवलं, मग कपडे.

आमच्या गल्लीतूनही टेंपो निघाला. हिनं माळा रिकामा केला, आणि खोटं कशाला बोलू, पूरग्रस्तांइतकंच मलाही हलकं वाटलं. कोट गेला. शेजारच्यांनी लेंगे दिले, नाड्या मात्र काढून घेतल्या. नाडी लागते कधीतरी.

आक्काचं घर सांगलीत, गावभागात. ती विश्रामबागेकडं पाहुण्यांकडं राहायला गेली होती. पाणी उतरल्यावर परतली, तर घराघरांतलं सामान रस्त्यावर आलेलं. फुगलेली कपाटं, गाद्या, लगद्याच्या विटा झालेली पुस्तकं. महापालिकेचे डंपर भरभरून नेत होते. आमच्या माळ्याला तीस वर्षं लागली असती ते काम नदीनं आठवड्यात केलं. आक्काच्या स्वयंपाकघरात जागचा हलला नाही तो फक्त पाटा-वरवंटा. मिक्सर आल्यापासून ती तो कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघत होती.

"खराटे पाठवायचे होते रे," ती फोनवर म्हणाली. "गुडघाभर चिखल, आणि शाळेत मदतीच्या ढिगात टिकल्यांचे घागरे!"

मी घाईघाईनं पाऊसपाण्याचा विषय काढला.

दिवाळीत ती भाऊबीजेला आली. ओवाळून झालं, मी पाकीट ठेवलं. मग तिनं पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. आमची ही दारातच थबकली.

"त्या ढिगात दिसला," आक्का म्हणाली. "कोपराचं रफू बघितलं आणि ओळखलं, आपलंच काम. माझं काही राहिलं नाही बघ पुरात. पण म्हटलं, बाळूचा लग्नातला कोट तेवढा तरी वाचवू या." मग जरा थांबून म्हणाली, "चुकून गेला असेल ना रे?"

मी कोट मांडीवर घेतला. अजून थोडा फिनेलचा वास येत होता.

"चुकूनच गेला गं," मी म्हणालो.