चाकांवरचा बंब

निवृत्त महसुली नोकराकडून कोणत्याही नातलगाने मोटारीखाली उताणे पडून विजेरी धरण्याचे काम करवून घेऊ नये, अशा आशयाचे एखादे परिपत्रक शासनाने वेळीच काढले असते, तर शेफील्ड शहराच्या एका उतरत्या गल्लीत, ऐन नोव्हेंबरात, नाकापासून वीतभर अंतरावर आलेला फोर्ड ट्रान्झिट गाडीचा चिखलमाखला तळ न्याहाळीत पडण्याचा प्रसंग माझ्यावर आला नसता. परंतु परिपत्रके प्रसंग घडून गेल्यावरच निघतात, हे त्या खात्यात उभा जन्म काढलेल्या मला कोणी सांगावयास नको.

गाडी कोण्या नळकाम करणाऱ्या कारागिराने यथेच्छ वापरून विकलेली होती. ज्या देशात सुताराची मजुरी ऐकताच सुशिक्षित मनुष्य स्वतःच सुतार होतो, त्या देशात माझा भाचा सुहास, जो व्यवसायाने संगणक अभियंता आहे, तो उन्हाळ्यापासून या गाडीचे घर करीत होता. भिंतींत मेंढीची लोकर ठासून वर प्लायवूड बसविले होते. मागे पलंग, पुढे ओटा आणि बाकाखाली बॅटऱ्या, असा संसार सिद्ध झाला होता. उरला होता तो केवळ हीटर. आणि या चालत्या वास्तूचा पहिला मुक्काम चिरंजिवांनी मुक्रर केला होता स्कॉटलंडातील ब्रेमार या गावी, जेथे १८९५ साली आणि पुन्हा १९८२ साली पारा शून्याखाली २७.२ अंशांपर्यंत उतरल्याची सरकारी नोंद आहे. मामा-मामींना बरोबर नेण्याचा त्याचा आग्रह होता. भाच्यांच्या प्रेमाला तापमानाचे भान नसते.

आता, थंडीच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याला कोणी शिकवू नये, असे आम्हा नाशिककरांचे सार्वत्रिक मत आहे. हिवाळा आला की निफाडचा पारा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर चढतो (म्हणजे पारा उतरतो आणि निफाड चढते), आणि त्या निफाडच्या कचेरीत मी अव्वल कारकून होतो. तेथील माझे जुने स्नेही, द्राक्षबागाईतदार दामूअण्णा, यांच्या कानी हीटरची वार्ता गेली तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून तत्काळ निकाल दिला, "भाऊसाहेब, यंत्रबिंत्र कशाला पाहिजे? घमेल्यात निखारे घ्या, गाडीच्या मधोमध ठेवा, काच बोटभर खाली करा आणि खुशाल ताणून द्या." दामूअण्णांचा अधिकार मोठा आहे. कडाक्याच्या रात्री घड करपू नयेत म्हणून बागेत ओळींमधून शेकोट्या पेटवून पहाटेपर्यंत राखण करणाऱ्या या गृहस्थाने जेवढी उघडी हवा तापविली आहे, तेवढी क्वचितच कोणी तापविली असेल. परंतु द्राक्षबागेला छप्पर नसते आणि द्राक्षांना फुप्फुसे नसतात, हे दोन भेद त्यांच्या सल्ल्यात गृहीत धरलेले नव्हते.

निखारा हा मोठा कपटी पदार्थ आहे. ज्वाळा गेली, लाली ओसरली, वर राखेची शाल आली, तरी तो तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडीत राहतो. आणि या वायूला रंग नाही, गंध नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी प्रिय असल्यामुळे, एकदा त्याने ती जागा बळकावली की खऱ्या हकदाराला दारातूनच परतावे लागते. बेकायदेशीर कब्जाची अशी परिपूर्ण उदाहरणे आमच्या खात्यातही थोडीच. प्रथम डोके जड होते, मग मळमळते, मग गुंगी येते. आणि अंथरुणावर पडलेल्या मनुष्याला झोप येत आहे, ही तक्रार नोंदविणार कोण? बोटभर उघडलेल्या काचेने या वायूचे काहीएक बिघडत नाही. इंग्लंडात तंबूत किंवा व्हॅनमध्ये विझती बार्बेक्यूची शेगडी उबेसाठी आत घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, असे वृत्त अधूनमधून येते. आणि उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीतील अंगीठीची तीच कहाणी दर हिवाळ्यात छापून येते.

या वायूचा छडा लावण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जॉन स्कॉट हॉल्डेन हे शास्त्रज्ञ अग्रगण्य होत. १८९५ च्या सुमारास त्यांनी हा वायू स्वतः हुंगून आपल्या बिघडत्या प्रकृतीची टिपणे काढली, आणि खाणीत उतरताना उंदरासारखे लहान प्राणी बरोबर न्यावेत अशी शिफारस केली. कारण इवल्या जिवाची श्वासगती जलद असल्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळतो आणि पळावयास अवधी देतो. पुढे हे काम क्यॅनरी पक्ष्यांकडे गेले, आणि १९८६ साली यंत्रे येऊन त्यांची गच्छंती ठरेपर्यंत ब्रिटिश कोळसाखाणींत ते पक्षी नोकरीस होते. त्या काळी खाणी सरकारी असल्यामुळे मी या पक्ष्यांना माझे समव्यवसायी समजतो.

सुहासने हीटरचे खोके उघडले तेव्हा मात्र मला परक्या मुलखात गाववाला भेटल्याचा आनंद झाला. कारण खोक्यातून निघाला तो निव्वळ आडवा पाडलेला बंब होता. ज्या वाचकांच्या लहानपणी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता, त्यांना अधिक सांगणे नलगे: मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, आणि धूर वरच्या वर परभारे बाहेर, जाळ आणि पाणी यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही, तरी पाणी तापते. या यंत्रातही नेमके तेच. एका बंद धातूच्या कोठडीत डिझेल जळते. जळण्यासाठी लागणारी हवा गाडीखालून येते आणि धूरही गाडीखालीच निघून जातो. पाण्याच्या जागी असते ती खोलीतील हवा. पंखा तिला त्या तापलेल्या कोठडीच्या अंगावरून फिरवून परत खोलीत सोडतो. दोन्ही हवांचे दप्तर निराळे, जावक-आवक निराळी, आणि एकीचा कागद दुसरीच्या फायलीत जाता कामा नये, हीच सर्व सुरक्षिततेची मेख आहे. बंबात पाणी नसताना जाळ घातला तर डाख वितळून बंब गळू लागतो, म्हणून आमची आजी जी खबरदारी घेई, तीच येथेही घ्यावी लागते: हीटर बंद केल्यावर कोठडी निवेपर्यंत पंखा काही मिनिटे फिरत राहिला पाहिजे, म्हणून चालत्या हीटरचा वीजपुरवठा एकाएकी तोडावयाचा नसतो. घराबाहेर पडताना मुख्य बटण बंद केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशा माझ्या पिढीच्या हितार्थ सुहासने त्या बटणाशेजारी ठळक मराठीत ताकीद चिकटविली.

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हाहून मोटारगाड्यांसंबंधी जे विनियम निघतात, त्यांतील १२२ वा विनियम खास हीटरांविषयी आहे, हे कळताच माझी त्या यंत्राविषयीची आस्था दुणावली. ज्वलनाची हवा प्रवाशांच्या कक्षातून घेऊ नये. खोलीत सोडावयाची हवा धुराने दूषित होण्याचा संभव नसलेल्या स्वच्छ जागेतूनच घ्यावी. धुराचे तोंड अशा ठिकाणी असावे की तो झरोक्यावाटे वा उघड्या खिडकीवाटे पुनश्च आत येऊ नये. आणि इंधन भरण्यापूर्वी हीटर बंद करावा, अशी सूचना लावलेली असावी. हा विनियम वस्तुतः कारखानदारांसाठी आहे. पण घरी गाडी बांधणाऱ्याला इतका नेमका मसुदा फुकट मिळत असताना त्याने चित्रफिती पाहून शहाणे व्हावे, हे मला पटत नाही. माझ्या मते हीटर बसविणे हे नव्वद टक्के महसुली काम आहे.

त्याचा प्रत्यय भोक पाडताना आला. गाडीच्या तळाला भोक पाडण्यापूर्वी त्याची चतुःसीमा निश्चित करावी लागते, आणि ती वरून दिसत नसल्यामुळे मला खाली पाठविण्यात आले. मी रीतसर मोजणी करून ओरडून कळविले, "पूर्वेस डिझेलची टाकी, दक्षिणेस ब्रेकची नळी, पश्चिमेस सांगाड्याची तुळई, उत्तरेस तुझा मामा!" सुहासने वरून विचारले, "मामा, उत्तरेची हद्द थोडी सरकेल का?" मी सरकलो, आणि करवत उतरली. पत्र्याच्या कापल्या कडेला गंज धरू नये म्हणून रंग लावला. लाकडी तक्तपोशी तेवढ्या भागापुरती कापून काढून मध्ये पोलादी तबकडी बसविली, कारण धुराच्या नळीचे तापमान शेकडो अंशांच्या घरात जाते आणि प्लायवूडला त्याची सवय नसते.

नळीचा मार्ग आखण्यात दुपार गेली. नळीने टाकीला, तारांना, ब्रेकच्या नळीला वा प्लॅस्टिकच्या भागाला स्पर्श करावयाचा नाही. वाटेत सखल भाग आलाच तर तेथे बारीक छिद्र ठेवावयाचे, नाही तर धुरातील वाफेचे पाणी साचून वाट तुंबते. आणि शेवट गाडीच्या मध्यावर न करता कडेपर्यंत आणावयाचा, म्हणजे धूर पोटाखाली कोंडून फटींतून वर चढणार नाही. हवा घेणाऱ्या नळीचे तोंड यापासून दूर ठेवावयाचे, अन्यथा यंत्र स्वतःचाच धूर पिऊ लागते. स्वस्त संचाबरोबर येणाऱ्या सायलेन्सरची शिवण पुष्कळदा धूर सोडते, म्हणून तो खोलीच्या बाहेरच हवा. मी ब्रेमारची आठवण करून दिली, तेव्हा "बर्फ पडल्यास सकाळ-संध्याकाळ नळीचे तोंड मोकळे करणे" हे कलम यादीत वाढले, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी माझी नेमणूक झाली.

इंधनाच्या बाजूने एक युक्ती मला फार आवडली. गाडीच्याच टाकीतून डिझेल ओढणारी नळी तळापर्यंत न नेता मुद्दाम आखूड ठेवतात. त्यामुळे हीटर रात्रभर कितीही अधाशीपणाने जळला तरी सकाळी गाडी चालविण्यापुरते डिझेल टाकीत उरते. सरकारी तिजोरीला अशी आखूड नळी का बसविली नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तेथेच राहिला.

येथवर सर्व शास्त्रोक्त चालले होते; परंतु यंत्राचा खरा शत्रू इंजिनाजवळ नव्हे, तर स्वयंपाकघरात असतो. बाकाखालच्या ज्या कप्प्यात हीटर बसला, त्यात त्याच्या भोवती पुष्कळ मोकळी जागा दिसत होती, आणि मोकळी जागा पाहून स्वस्थ बसणे आमच्या कुटुंबाच्या स्वभावात नाही. प्रवासासाठी केलेले बेसनाचे लाडू, चकल्या, मेतकूट आणि दोन गोधड्या यांची तेथे इतकी चोख रचना झाली की हवा आत घेणारे हीटरचे तोंड एका गोधडीने पूर्ण झाकले गेले. "मामी, त्याला श्वास घ्यायला जागा लागते," असे सुहासने विनविले. "आणि लाडवांना नाही का लागत?" असा प्रतिप्रश्न आला. अखेर जाळीचा पडदा ठोकून सरहद्द आखण्यात आली. लाडू ओट्याखाली गेले, गोधड्या अंगावर आल्या.

पहिली पेटवणी दारे सताड उघडी ठेवून करावी लागते, कारण नव्या यंत्राला लागलेले तेल व रंग प्रथम जळून जातात. डिझेलचा पंप टक्‌टक् करू लागला, पांढऱ्या धुराचा लोट गल्लीत पसरला, आणि समोरच्या घरातील आजीबाईंनी दार उघडून सर्व काही ठीक आहे ना, अशी मृदू स्वरात चौकशी केली. त्या स्वरात अग्निशामक दलाचा क्रमांक अर्धा फिरविल्याची झाक होती. पण धूर लवकरच निवळला, नळीतून उष्ण, कोरडी हवा वाहू लागली, आणि जिचा कोट गेले कित्येक दिवस अंगावेगळा झाला नव्हता, अशा आमच्या कुटुंबाने तो काढून घडी केली.

त्यानंतरही सुहासने कोणाला आत झोपू दिले नाही, जोवर भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा गजर लागला नाही. तो युरोपीय मानक ५०२९१ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, म्हणजे बोटी व फिरत्या घरांसाठी तपासलेला होता. हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत त्याने ओरडलेच पाहिजे. ५० भागांना मात्र तो तासाभराहून अधिक वेळ विचार करतो. विषारी वायू जड असतो, सबब गजर जमिनीलगत लावावा, असा दामूअण्णांचा पुरवणी सल्ला आला होता. तो सिलिंडरमधील स्वयंपाकाच्या गॅसला लागू आहे, कारण तो गॅस खरोखरच खाली साचतो. पण कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका, सर्वत्र मिसळणारा. म्हणून हा गजर निजलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पडद्याआड वा कोपऱ्यात न दडविता लावतात, आणि दर आठवड्याला त्याचे बटण दाबून तो जिवंत असल्याची खात्री करून घेतात.

आता, मराठी वाचकांपैकी व्हॅनमध्ये डिझेलचा हीटर बसविणारे थोडे, हे मी जाणतो. परंतु बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून दार-खिडकी घट्ट लोटून घेणारे घरोघर आहेत, आणि तेथील वायू हाच आहे. सबब विनंती अशी की, गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत हलवावा; तो हलेपर्यंत स्नानाचे पाणी आधी बादलीत काढून, गीझर बंद करून, मगच दाराला कडी लावावी; आणि बाहेरच्या भिंतीवर हा गजर टांगावा. दामूअण्णांनी माझ्याकडून एक मागविला आहे.