जावयांची काठी

ऑकलंड, रविवार दुपार

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची डिसेंबरची तिकिटं झाल्याचं फोनवर कळलं आणि त्याच रात्री तुमच्या जावयांनी लॅपटॉप उघडला. मला वाटलं, तुम्हाला कुठे कुठे फिरवायचं त्याची यादी चालली असेल. डोकावून पाहते तर एक्सेल शीट, आणि वर ठळक अक्षरांत मथळा: 'बाबांसाठी रॉड'. ज्यांच्या घरात तीन पिढ्या अंडं उंबऱ्याच्या आत आलं नाही, ते गृहस्थ आता मला रिळाचा गिअर रेशो समजावून सांगतात. मासा अजून खात नाहीत. हातात धरायची वेळ आली तर बागकामाचे मोजे चढवतात.

बजेट मात्र मी ठरवलं. काठी, रीळ आणि तंगूस मिळून दीडशे डॉलर, म्हणजे आपले साडेसात-आठ हजार रुपये. वर एक छदाम नाही. बाबा, तुम्ही आता काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय: "मासो काय काठयेची किंमत बघून गळाक लागता?" हे मी जावयांना तुमच्या नावानिशी ऐकवलं. त्यावर ते म्हणाले, इथे समुद्रात स्वतःपुरते मासे धरायला परवाना लागत नाही, फी नाही, तेव्हा वाचलेले पैसे काठीत घालायला काय हरकत आहे? जो खर्च होणारच नव्हता तो वाचवून दाखवणं फक्त त्यांनाच जमतं. (गोड्या पाण्यातल्या ट्राउटला परवाना लागतो. आणि ती ट्राउट इथे विकायला बंदी आहे, म्हणजे बाजारातून आणून 'मी धरली' म्हणायचीही सोय नाही.)

पैशांपेक्षा मोठा घोळ होता मागण्यांचा. जावयांना धक्क्यावरून गरवायचंय. शेजारच्या काकांकडे लहानशी बोट आहे, ते बोलावतात, तर बोटीवरही चालली पाहिजे. मला समुद्रकिनारा हवा, कारण तिथे आईला खुर्ची टाकून बसता येईल. चिरंजीवांना किंगफिश धरायचाय. इथे पाऊण मीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवता येत नाही आणि त्याहून मोठा या पोराला धक्क्यावरून ओढून नेईल, पण व्हिडिओ पाहून पाहून त्याचा आत्मविश्वास दांडगा झालाय. शिवाय काठी हलकी हवी, बाबांचा खांदा दुखतो. मजबूत हवी, घरात लहान मूल आहे. आमच्या छोट्या गाडीत मावायला हवी. ही यादी वाचून मला स्थळांच्या जाहिराती आठवल्या: गोरी, उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी, आणि घरी बसायची तयारी असलेली.

दुकानातल्या म्हाताऱ्या गोऱ्या काकांनी ती शीट हातातसुद्धा घेतली नाही. त्यांनी एकच विचारलं: दहापैकी नऊ वेळा कुठे उभे राहणार? जावई म्हणाले, धक्क्यावर. झालं, निम्मी शीट तिथेच पुसली गेली. वाळूवरून लाटांच्या पलीकडे गळ फेकायला बारा-चौदा फुटी काठी लागते, ती बोटीवर घेतली तर शेजाऱ्याच्या टोप्या उडवेल. बोटीवरची साडेपाच-सहा फुटी आखूड काठी किनाऱ्यावरून फेकीला अपुरी पडते. सात फुटी मात्र धक्क्यावर चांगली, बोटीवर चालेल अशी, आणि शांत खाडीच्या किनाऱ्यावरही निभावून नेणारी. सगळ्यात पहिली कशातच नाही, पण नापासही कशात नाही. तीच घेतली, दोन तुकड्यांची, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी मावते.

मुठीच्या वर बारीक अक्षरांत '6–8 किलो' छापलंय. चिरंजीवांचा चेहरा पडला, त्याला वाटलं आठ किलोच्या वरचा मासा चालत नाही. तो आकडा माशाचा नाही, दोऱ्याचा: किती ताणाला तुटणारा तंगूस या काठीला शोभतो, एवढंच तो सांगतो. किंगफिशची आशा अशी पुन्हा पालवली.

मग काठी कशाची, यावर खल. ग्रॅफाइटची वजनाला हलकी, मासा नुसता तोंड लावून गेला तरी हाताला कळतं, पण कठड्यावर आपटली की कधीतरी भर ओढीत मोडते. फायबरग्लासची जड, पण धसमुसळेपणा सोसणारी. आम्ही दोन्हींचं मिश्रण घेतलं, तुमचा खांदा आणि नातवाचे हात दोन्ही लक्षात घेऊन.

रिळाचा निकाल तुमच्यामुळे लागला, बाबा. जावयांना ते आडवं, फिरत्या फिरकीचं रीळ आवडलं होतं. दिसतं रुबाबदार, पण फेकताना अंगठा चुकला की दोऱ्याचा असा गुंता होतो की ती संध्याकाळ सोडवण्यातच जायची. शिवाय त्याची मूठ एकाच बाजूला. तुम्ही डावखुरे! काठीखाली लटकणाऱ्या साध्या स्पिनिंग रिळाची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. काकांनी मिनिटभरात करून दाखवलं. 4000 नंबरचं रीळ घेतलं. त्याच्या शेजारी चमचमणारं दुसरं होतं, त्यावर बेअरिंगची संख्या मोठ्या अभिमानानं छापलेली. काका म्हणाले, या किमतीत दहा हलक्या बेअरिंगपेक्षा चार बरी असलेली पुष्कळ. ड्रॅग मऊ सुटतो का ते बघा.

ड्रॅग म्हणजे, मासा जोर करू लागला की रीळ जरा जरा दोरा सोडतं, म्हणून तंगूस तुटत नाही. तुमच्या हातगरीत हे काम तुमची बोटं करतात आणि मग आई त्यांना खोबरेल लावत बसते. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ताणाला ड्रॅग सुटायला हवा, आणि तो मोजायला काटा हवा. प्रत्येक परदेशी मराठी घरात असतो तो बॅगा तोलायचा काटा मी काढून दिला. लोणची आणि पापड तोलून झिजलेला त्याचा हूक तंगुसाला अडकवून जावई दिवाणखान्यात काठी वाकवून उभे, आणि चिरंजीव आकडे वाचतायत: "दीड... पावणेदोन... बाबा, सोफा!" दोन किलोंवर लावून ठेवलाय.

दोरा साधा नायलॉनचा, आठ किलोचा. विणलेला ब्रेड बारीक असतो, लांब जातो, पण महाग. शिवाय तो ताणला जात नाही, त्यामुळे शिकाऊ हाताचा प्रत्येक हिसका थेट माशाच्या तोंडाला बसतो. नायलॉन ताण खातो आणि चुका पोटात घालतो. आमच्या घराला तोच योग्य.

पैसे देण्याआधी काकांनी एक गंमत दाखवली. कापसाचा बोळा काठीच्या प्रत्येक कडीतून आतून फिरवला. एका काठीच्या चौथ्या कडीत कापसाचा तंतू अडकून राहिला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण आतल्या सिरॅमिकच्या रिंगला केसाएवढी चीर होती, आणि तीच दोरा कापते. ती काठी बाजूला ठेवून दुसरी दिली. एवढं करून दीडशेतले काही डॉलर उरले, त्यात गळ, शिसं आणि आमिषाला गोठवलेल्या पिलचर्ड माशांचं पाकीट आलं. ते पाकीट सध्या फ्रीझरमध्ये माझ्या ओल्या खोबऱ्याच्या डब्याला खेटून आहे. आई, तू इथे आलीस की ही भानगड मिटव.

गेल्या आठवड्यात धक्क्यावर काठीचा मुहूर्त झाला. स्नॅपर आला, पण तीस सेंटिमीटरच्या आतला, पुन्हा पाण्यात सोडावा लागला. इकडे माणशी सात स्नॅपर, आणि तेही नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत तीस भरलेले. जावयांनी पट्टी तीनदा लावली, स्नॅपर वाढला नाही. पण नंतर एक कहावाई लागला, सरसर दोरा ओढत हवेत उड्या मारणारा. त्याचं रक्त लगेच काढून बर्फात घातला तर छान लागतो. मी तिरफळं घालून तिखलं केलं. तेलकट मासा आहे, मसाला सोसतो. जावयांनी वास घेऊन "उत्तम" म्हटलं आणि वरण-भात जेवले. डिसेंबरातल्या इथल्या उन्हाळ्यात स्नॅपर उथळ पाण्यात येतात, तेव्हा तुमची वेळ अगदी बरोबर आहे.

घरी आल्यावर काठी-रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं धुतो. जोराची धार मारली तर मीठ आतच शिरतं. मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. ही सेवा जावई ज्या भक्तिभावानं करतात, तो भक्तिभाव आमच्या कढयांच्या वाट्याला अजून आलेला नाही.

येताना तिरफळं आणि सोलं आणा, पण प्रवेशाच्या फॉर्मवर लिहा. इथे खाण्याची वस्तू लपवली तर मोठा दंड होतो. आईला सांभाळा, स्वतःला जपा.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, हे फक्त तुमच्यासाठी. काल जेवताना जावई म्हणाले, "एक काठी सगळ्या ठिकाणी पुरते हे सिद्ध झालं. पण सगळ्या माणसांना कशी पुरणार? बाबा आले की दुसरी लागेलच." शीटमध्ये नवीन पान उघडलंय. तेव्हा तुमची जुनी हातगरी कृपा करून बॅगेत टाका. वाळूचा कण राहणार नाही अशी धुवा, वाळवा, आणि फॉर्मवर तीही लिहा. विमानतळावरून घरी येताना गाडीतच, जावयांच्या देखत, ती बाहेर काढा. माझे दीडशे डॉलर तुमच्या हातात आहेत.