गुरुजींची उचल

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 28 वर्षं गणित शिकवतोय. त्यामुळे गुरुजींच्या घरचाच हिशेब चुकला ही बातमी बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीभर व्हायला एक बाजारचा दिवस पुरला. ती नीट मीच सांगितलेली बरी. बाकीचे मीठमिरची लावतात.

8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ. आधी निम्मी होती, आता पूर्ण. हे सगळं मला आज पाठ आहे. त्या दिवशी मी नुसता मथळा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

लेक इंजिनिअरिंगला जाणार होती. फी वाचली म्हणून तिच्या नावाची मुदतठेव मोडली आणि घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायला घेतला. भर पावसाळ्यात. आष्टीत पाऊस तसाही विचारूनच येतो. बायको म्हणाली, "आधी पोरीचा प्रवेश तर होऊ द्या." मी म्हणालो, "शासन निर्णय आहे!" मास्तर माणूस हे शब्द आरतीसारखे म्हणतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी मारुतीच्या देवळात बारावीच्या पालकांची बैठक बोलावली. शाळेतून फळा नेला, 'फी = 0' लिहिलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. शेजारचा ऊसतोडीला जाणारा गडी मागं खांबाला टेकून बसला होता. त्याची पोरगी बी. फार्मसीला निघालेली. तो म्हणाला, "गुरुजी, फी न्हाई ते कळलं. पर पोरगी ऱ्हानार कुठं अन् खानार काय?"

"ते किरकोळ," मी हसलो.

"आमी मुकादमाची उचल घेतो ना, तवा आधी किरकोळच लिवतो. मीठ, त्याल, बैलाची पेंड, दवाखाना. ऊस काय, त्यो उभाच हाय."

लोक त्याच्याकडे वळून बसले. मी फळा पुसला.

मग उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात माझाच जुना विद्यार्थी बसतो. गणितात कधी 35 च्या वर गेला नाही. त्यानं माझा फॉर्म 16 उलटापालटा केला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमचं 8 लाखांच्या वर जातंय." 28 वर्षं मी बाजारात, पंगतीत, मयतीलासुद्धा 'मास्तरच्या पगारात भागत नाही' म्हणत आलो. त्या दिवशी कागदोपत्री श्रीमंत झालो आणि पेढे मागायलाही कुणी आलं नाही. घरी हे सांगितलं तेव्हा बायको काही बोलली नाही. नव्या स्लॅबकडे बघत राहिली.

शेजाऱ्याच्या पोरीला माफी बसली. पण माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. अनामत, राहणं, मेस, ॲप्रन, पुस्तकं ज्याची त्यानं बघायची. हे बारीक टाइपातलं मला तेव्हा वाचावं लागलं. चौथी शिकलेल्या शेजाऱ्यानं न वाचताच वहीत लिहून ठेवलं होतं. पोरीला त्यानं नगरच्या कॉलेजात घातलं, येण्याजाण्याचं भाडंसुद्धा मांडून.

माझ्या लेकीला पुणं मिळालं. रेल्वे 2022 साली आष्टीला आली, पण आमची गाडी नगरपर्यंतच, पुढं एसटी. खिशात माझा हिशेब होता: दोन जेवणं गुणिले 30. पहिल्याच दिवशी खोलीची अनामत, एजंटाचं एक भाडं, गादी, बादली, कुलूप. कुलूप माझ्या हिशेबात नव्हतं. लॅपटॉपही नव्हता, इंजिनिअरिंग वहीवर शिकवतात अशी माझी समजूत. मेसच्या भिंतीवर पाटी होती: 'रविवारी संध्याकाळी बंद. खाडे धरले जाणार नाहीत.' म्हणजे महिन्याला चार जेवणं बाहेर, आणि दिवाळीला पोरगी घरी आली तरी मेसचे पैसे चालूच. 28 वर्षांत असं उदाहरण मी एकदाही फळ्यावर घातलं नव्हतं.

बँकेतही जाऊन आलो. शैक्षणिक कर्जाला ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही, हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं. पण व्याज पैसे उचलले त्या दिवसापासून मोजायला लागतं. हे मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि परत आलो. शेवटी भविष्य निर्वाह निधीला हात घातला.

संध्याकाळी शेजारी ओट्यावर आला. "झाली का पैशाची सोय?"

"परतावा अग्रिम घेतला," मी शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणालो.

"फेडायचा का?"

"पगारातून कापून."

"मंग उचलच की, गुरुजी!"

दिवाळीनंतर तो टोळीबरोबर कारखान्यावर गेला. जाताना वही माझ्याकडे ठेवून गेला. यंदा ज्यांची पोरं बारावीला आहेत त्यांनी संध्याकाळी यावं आणि बसून उतरवून घ्यावी. फळ्यावर मी काही लिहिणार नाही.